मोठा टीव्ही घ्यायचाय? कोल्हापूरच्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं ४३ ते ७५ इंची टीव्हींसाठी आहेत. दुकानात जायच्या आधी घरातली तीन मापं कागदावर लिहून घ्या: बसल्यावर डोळ्यांपासून भिंतीपर्यंतचं अंतर, टीव्हीच्या भिंतीची मोकळी रुंदी आणि जिन्याच्या वळणाची जागा. निम्मा निर्णय या तीन आकड्यांवरच होतो. सेल्समनला तुमचं घर माहीत नसतं, त्यामुळे हे काम तुम्हालाच करावं लागतं.

आमची खोली १० बाय १२ ची आहे. किती इंचाचा टीव्ही बसेल?

खोलीचं माप बाजूला ठेवा आणि डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचं अंतर मोजा. १० फुटी बाजूला सोफा भिंतीला टेकवला तरी माणसाचं डोकं भिंतीपासून दीड फूट पुढे येतं, आणि टीव्ही समोरच्या भिंतीतून तीन-चार इंच पुढे असतो. हातात उरतात साधारण आठ फूट.

४के टीव्हीसाठी हे अंतर पडद्याच्या कर्णाच्या १.२ ते १.६ पट असावं. म्हणजे ४३ इंचीला सव्वाचार ते पावणेसहा फूट, ५५ इंचीला साडेपाच ते सव्वासात, ६५ इंचीला साडेसहा ते साडेआठ आणि ७५ इंचीला साडेसात ते दहा फूट. आठ फुटांवर ६५ इंची आरामात चालतो. पण त्याला एक अट आहे. घरात दिवसभर काय चालू असतं ते आधी बघा. केबलच्या साध्या एसडी चॅनेलच्या चित्रात ७२० बाय ५७६, म्हणजे चार लाखांच्या आसपास ठिपके असतात. ४के पडद्यावर ८३ लाख ठिपके आहेत. मूळ एक ठिपका ताणून टीव्हीला वीस ठिपक्यांची जागा भरावी लागते. ६५ इंचीवर हे जवळून बघितलं की मालिकेतल्या माणसांचे चेहरे मेण फासल्यासारखे दिसतात. घरी मुख्यतः एसडी केबल चालत असेल तर याच खोलीत ५५ घ्या, आणि वाचलेल्या पैशांत सेट-टॉप बॉक्स एचडीचा करून घ्या.

आकार डोळ्यांसमोर आणायचा असेल तर भिंतीवर वर्तमानपत्राची पानं चिकटवा. ५५ इंचीसाठी १२२ बाय ६९ सेंमी, ६५ साठी १४४ बाय ८१, ७५ साठी १६६ बाय ९३. दोन दिवस तशीच राहू द्या. घरातल्या प्रत्येकाने आपापल्या जागेवर बसून बघितलं की वाद आपोआप मिटतो.

बॉक्सवर १३९ सेंमी लिहिलंय. म्हणजे किती इंच?

२.५४ ने भागा. १०८ सेंमी म्हणजे ४३ इंची, १२६ म्हणजे ५०, १३९ म्हणजे ५५, १६४ म्हणजे ६५ आणि १८९ म्हणजे ७५. हे माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं, तिरकं असतं. रुंदी त्यापेक्षा कमी भरते.

एलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी, ओएलईडी: नेमका फरक काय?

पहिले तिन्ही मुळात एलसीडीच आहेत. पडद्यामागे दिव्यांचा उजेड असतो आणि पुढचा थर तो अडवतो किंवा सोडतो. क्यूएलईडीत मध्ये क्वांटम डॉटचा एक थर जास्त असतो, त्यामुळे लाल-हिरवा रंग जास्त शुद्ध येतो. काळा रंग मात्र त्याने सुधारत नाही. मिनी एलईडीत मागचे दिवे बारीक आणि संख्येने खूप असतात, ते गटागटाने मंद करता येतात. म्हणून अंधारातल्या दृश्यात काळं बरंच काळं दिसतं आणि दिवसा उजेडही भरपूर मिळतो. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. रात्री दिवे घालवून सिनेमा बघायला त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही.

ओएलईडीची अडचण स्थिर चित्राची. बातम्यांची खालची पट्टी आणि कोपऱ्यातला लोगो वर्षानुवर्षं रोज सहा-आठ तास एकाच जागी राहिला तर तेवढ्या भागाचे ठिपके जास्त झिजतात आणि त्याची सावली कायमची उमटते. ज्या घरात सकाळपासून बातम्या चालू असतात, तिथे ओएलईडी घेऊ नका. दार-खिडक्या उघड्या असलेल्या सोप्यात किंवा उजेडाच्या हॉलमध्ये मिनी एलईडी घ्यावा, बजेट कमी असेल तर चांगला क्यूएलईडी.

आणखी एक गोष्ट विचारा: पॅनेल व्हीए आहे की आयपीएस? एलसीडी पडद्याचे हे दोन प्रकार आहेत. व्हीएमध्ये काळा रंग गडद येतो, पण बाजूने बघितलं की चित्र फिकटतं. आयपीएस बाजूनेही नीट दिसतं, पण अंधारात काळा रंग राखाडी वाटतो. घरात पाहुणे तिन्ही बाजूंनी बसत असतील तर आयपीएस, सगळे समोरच बसत असतील तर व्हीए. सेल्समनला हे सांगता येत नसेल तर टीव्हीच्या बाजूला ४५ अंशांत जाऊन उभं राहा, उत्तर दिसेल.

दुकानात सगळेच टीव्ही झकास दिसतात. मग पारख कशी करायची?

दुकानात टीव्ही डेमो मोडवर असतो. उजेड पूर्ण, रंग भडक, आणि चालू असतात ते कंपनीने दिलेले फुलांचे आणि समुद्राचे व्हिडिओ. आधी पिक्चर मोड ‘स्टँडर्ड’ किंवा ‘सिनेमा’ करायला सांगा. मग सेट-टॉप बॉक्स जोडून एखादं एसडी मराठी चॅनेल लावायला लावा, कारण घरी तेच दिसणार आहे. स्वस्त टीव्हीचा प्रोसेसर इथेच उघडा पडतो.

पेनड्राइव्हवर स्वतःच्या मोबाइलने काढलेला ४के व्हिडिओ न्या. रंकाळ्यावर संध्याकाळी काढलेला असेल तर उत्तम: वर आकाशाचा हळूहळू बदलणारा रंग, खाली पाण्यातलं प्रतिबिंब आणि मध्ये काळसर झाडी. आकाशात रंगाचे पट्टे दिसले तर पॅनेल रंगाच्या छटा नीट दाखवत नाही. झाडी एकसंध काळा ठिपका झाली तर अंधारातले बारकावे बुडतात.

शेवटी फुटबॉल किंवा क्रिकेटची मॅच लावा आणि कॅमेरा मैदानावरून सरकत असताना फक्त हिरवळीकडे बघा. काचेवर मळकट डाग किंवा उभे पट्टे स्थिर राहिलेत आणि मैदान त्यांच्यामागून सरकतंय असं वाटलं तर मागचा उजेड असमान आहे. हा दोष नंतर सेटिंगने जात नाही.

मॅच बघायला १२० हर्ट्झ लागतोच का?

कोल्हापुरात फुटबॉलचं वेड आहे, त्यामुळे हा प्रश्न हमखास येतो. आपल्याकडची एचडी क्रीडा चॅनेल १०८०आय स्वरूपात, सेकंदाला ५० फील्ड (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं) या गतीने येतात. ती दाखवायला ६० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारं पॅनेल पुरतं. १२० हर्ट्झचा खरा उपयोग तीन ठिकाणी: प्लेस्टेशन-एक्सबॉक्ससारखे गेम, सेकंदाला २४ चौकटींचे सिनेमे (१२० ला २४ ने पूर्ण भाग जातो, म्हणून हालचाल अडखळत नाही), आणि टीव्हीने मधल्या चौकटी स्वतः तयार करून हालचाल गुळगुळीत करणं. ‘मोशन रेट २४०’ असल्या आकड्यांकडे लक्ष देऊ नका. पॅनेलचा नेटिव्ह रिफ्रेश रेट किती, एवढंच विचारा. गेमसाठी घेत असाल तर एचडीएमआय २.१ चा (४के चित्र १२० हर्ट्झने घेणारा) किमान एक पोर्ट असल्याची खात्री करा.

८के घ्यावा का?

नको. त्या दर्जाचं बघायला जवळपास काही उपलब्ध नाही, आणि आठ-नऊ फुटांवरून ६५ इंचीवर ४के आणि ८के मधला फरक डोळ्याला कळत नाही. तेच पैसे चांगल्या ४के पॅनेलमध्ये घाला.

भिंतीवर लावताना काय काळजी घ्यायची?

या प्रश्नावर वेळ द्या, कारण टीव्ही पडतो तो बहुतेक वेळा भिंतीमुळे.

५५ इंची टीव्हीचं वजन साधारण १४ ते १८ किलो, ६५ चं २० ते २५, ७५ चं ३० च्या पुढे. भाजक्या विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत १० मिमीचं भोक, आत तेवढ्याच मापाचा नायलॉनचा प्लग आणि ६० मिमीच्या पुढचा स्क्रू, असे चार ते सहा पॉइंट पुरतात. भोक विटेत पडलं पाहिजे, दोन विटांमधल्या सांध्यात नको. ड्रिलच्या भुकटीवरून हे ओळखता येतं: लाल भुकटी आली तर वीट, करडी वाळू येत राहिली तर सांधा. सांधा लागला तर पट्टी इंच-दीड इंच सरकवा.

नव्या अपार्टमेंटमधल्या पांढऱ्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधा प्लग घट्ट बसत नाही, आजूबाजूचा ब्लॉक चुरतो. तिथे या ब्लॉकसाठी मिळणारे लांब प्लग किंवा केमिकल अँकर वापरा, आणि हॅमर बंद ठेवून ड्रिल करा.

पेठांमधल्या जुन्या वाड्यांचं प्रकरण वेगळं. मातीच्या, भेंड्याच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा असला तरी आत माती मातीच असते. अशा भिंतीत प्लग आठवडाभर टिकतो आणि मग टीव्हीसकट निघून येतो. इथे टीव्ही भिंतीवर लावूच नये. खाली मजबूत कपाट ठेवून त्यावर पायांवर उभा करा. लावायचाच असेल तर सुताराकडून लाकडी खांबाला किंवा तुळईला पकडलेली १८ मिमी प्लायची फळी बसवून घ्या आणि ब्रॅकेट त्या फळीवर ठोका. निव्वळ जिप्समच्या पार्टिशनलाही हाच नियम.

ओलीचा विचार करा. आपल्याकडचा पाऊस नैर्ऋत्य-पश्चिमेकडून झोडपतो. त्या बाजूची बाहेरची भिंत जुलैत घाम आल्यासारखी ओली होते, स्क्रू गंजतात, प्लग ढिले पडतात आणि ती दमट हवा टीव्हीच्या मागच्या जाळ्यांतून सर्किटवर बसते. शक्यतो आतली भिंत निवडा. पर्याय नसेल तर ब्रॅकेट असा घ्या की मागे दोन इंच हवा खेळेल.

ब्रॅकेट घेताना टीव्हीच्या पाठीवरच्या चार भोकांमधलं अंतर जुळवा: २०० बाय २००, ३०० बाय ३००, ४०० बाय ४०० मिमी अशी मापं असतात. कंपनीच्या माणसाने पट्टी लावताना पाणसळ ठेवली आहे का, हे स्वतः बघा. पाव इंचाचा तिरकेपणा रोज डोळ्यांत खुपतो.

किती उंचीवर लावायचा? आमच्याकडे खाली बैठक आहे.

पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला हवा. सोफ्यावर बसणाऱ्यांसाठी तो जमिनीपासून ४० ते ४२ इंचांवर येतो, म्हणजे ५५ इंचीची खालची कड सुमारे २८ इंचांवर. खाली गादी टाकून बसत असाल तर मध्य ३२ ते ३६ इंचांवर आणा. दोन्ही प्रकारे बसत असाल तर सोफ्याचा हिशोब धरा आणि खाली झुकणारा टिल्ट ब्रॅकेट लावा. शोकेसच्या वर, देवाच्या फोटोंच्या ओळीत टीव्ही टांगायची पद्धत सोडा. मान दुखते, आणि व्हीए पॅनेल असेल तर खालून चित्र फिकट दिसतं.

स्टॅबिलायझर लागतो का?

बहुतेक टीव्ही १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यामुळे व्होल्टेज कमी झाल्याने सहसा काही बिघडत नाही. जीव जातो तो व्होल्टेज वाढल्यावर. खांबावरचा न्यूट्रल तुटला की घरात २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात आणि टीव्हीचा पॉवर बोर्ड जळतो. साधा स्पाइक गार्ड क्षणभराचा झटका झेलतो, सतत वाढलेलं व्होल्टेज नाही. म्हणून मर्यादा ओलांडली की पुरवठा तोडणारा स्टॅबिलायझर घ्या, त्यावर ‘हाय कट-ऑफ’ लिहिलेलं असतं. ५५ इंची टीव्ही १०० ते १५० वॉट घेतो, सोबत साउंडबार धरून ३०० वॉटचा पुरतो. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या.

एप्रिल-मे मधला वळीव टीव्हीसाठी सगळ्यात घातक. विजा कडाडायला लागल्या की बटण बंद करून भागत नाही. पॉवरचा प्लग काढा आणि छत्रीकडून येणारी डीटीएचची किंवा केबलची वायरही काढा. बऱ्याचदा वीज त्याच वायरीतून सेट-टॉप बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआय पोर्टमध्ये शिरते. पोर्ट गेला की मेन बोर्डच बदलावा लागतो.

आमचं घर पूररेषेजवळ आहे. काय तयारी ठेवू?

२०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्यांना हे पटवून द्यायची गरज नाही. टीव्हीसोबत आलेले पाय, त्यांचे स्क्रू, मूळ खोकं आणि थर्माकोल फेकू नका, माळ्यावर ठेवा. टीव्हीचा सॉकेट खाली बोर्डावर न घेता टीव्हीमागे उंचावर घ्या. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला आली की टीव्ही काढायला घ्या, ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघू नका. तोपर्यंत घाई होते आणि घाईत पडदा फुटतो.

आधी सगळ्या वायरी सोडवा. ब्रॅकेटखालच्या दोन्ही दोऱ्या एकदम ओढून लॉक उघडा, मग दोघांनी खालची कड पुढे घेऊन वर उचला. कड्यांना धरा, पडद्यावर बोटं दाबू नका. माडीवर पाय जोडून उभाच ठेवा आणि वरून वाकळ टाका. आडवा ठेवला तर स्वतःच्या वजनाने पॅनेल चिरतं. टीव्हीत पुराचं पाणी गेलं असेल तर उन्हात वाळवून चालू करायचा प्रयत्न करू नका. आत बसलेला गाळ शॉर्ट करतो. बिलाचा आणि सिरीयल नंबरचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या, विम्याला तोच लागतो.

आवाज बारीक आणि डब्यातून आल्यासारखा येतो. टीव्ही खराब आहे का?

खराब नाही. पातळ टीव्हीत स्पीकरला जागाच नसते, आणि ते खाली तोंड करून असतात. आधी साउंड मोड ‘क्लिअर व्हॉइस’ करून बघा. साउंडबार घ्यायचा तर टीव्हीच्या ज्या एचडीएमआय पोर्टवर ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलंय त्यालाच जोडा, एचडीएमआय पोर्टांपैकी त्यातूनच टीव्हीचा आवाज साउंडबारकडे जातो. दुसऱ्या पोर्टला जोडून आवाज येत नाही म्हणून तक्रारी केल्या जातात. फरशीच्या मोकळ्या खोलीत आवाज घुमतो, एक सतरंजी आणि जाड पडदा लावला तरी बोलणं स्पष्ट होतं.

नवा टीव्ही लावला, पण केबलचं चित्र जुन्यापेक्षा वाईट दिसतंय.

सेट-टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन व्हिडिओ आउटपुट १०८०आय करा. बरेच बॉक्स ५७६ वर अडकलेले असतात. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना काढून एचडीएमआय केबल लावा. टीव्हीत शार्पनेस कमी करा, ‘नॉइज रिडक्शन’ मध्यमवर ठेवा, एनर्जी सेव्हिंग बंद करा. माणसं जाड दिसत असतील तर पिक्चर साइझ ‘ओरिजिनल’ करा.

स्मार्ट टीव्हीत काय बघायचं?

रॅम किमान २ जीबी, स्टोरेज १६ जीबी. त्याहून कमी असेल तर दीड-दोन वर्षांत ॲप उघडायला वेळ लागतो. तेव्हा टीव्ही बदलू नका, स्ट्रीमिंग स्टिक लावा. ४के साठी किमान १५ एमबीपीएस सलग मिळायला हवं. जाड दगडी भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झचं वायफाय पोचत नाही, तिथे लॅन केबल ओढा. ॲपचा प्लॅन ४के चा आहे ना, तेही बघा.

बिल, ईएमआय आणि वॉरंटीत कुठे फसायला होतं?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे; बिलात १८ च लागलाय ना ते बघा. दसरा-पाडव्याच्या ऑफरमध्ये आधी रोखीचा, एक्स्चेंज न करताचा भाव लिहून घ्या, मगच जुना टीव्ही पुढे करा. ‘नो कॉस्ट ईएमआय’ला प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी लागू शकतो, रोखीची सूटही अनेकदा जाते. हे सगळं जोडून तुलना करा.

६५ इंचीचं खोकं साधारण सव्वापाच फूट लांब असतं. रिक्षात घालू नका, टेम्पोत उभं बांधून आणा. खोकं कंपनीच्या माणसासमोरच उघडा, टीव्ही चालू करून पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा पडदा बघा, मगच सही करा. तडा गेलेलं पॅनेल वॉरंटीत येत नाही, आणि नव्या पॅनेलचा खर्च टीव्हीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त असू शकतो. सर्व्हिसचा माणूस कोल्हापूरचा येतो की पुण्याहून, आणि पॅनेलची वॉरंटी किती, हे बिलावर लिहून घ्या.

तक्रार ऐकत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन करा. त्याने भागलं नाही तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही.

पडदा पुसायचा कसा?

टीव्ही बंद करून थंड होऊ द्या. कोरडं मायक्रोफायबर कापड, डाग असेल तर ते पाण्याने किंचित ओलं करून. काच पुसायचे स्प्रे, स्पिरीट, वर्तमानपत्र चालत नाही. पडद्यावरचा चकाकी कमी करणारा थर निघतो. पाणी थेट पडद्यावर मारलं तर ओघळून खालच्या कडेतून आत जातं.

उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायला घेतली की मिरच्या आणि मसाला भाजतानाचा तेलकट धूर उघड्या स्वयंपाकघरातून थेट हॉलमध्ये येतो. पडद्यावर तो चिकट थर बसला की धूळ त्यात रुतते आणि पुसताना ओरखडे पडतात. त्या दोन दिवसांपुरती टीव्हीवर जुनी सुती साडी टाका, मात्र टीव्ही चालू असताना नको, मागची जाळी झाकली जाते. अगरबत्ती आणि निरांजनही टीव्हीपासून तीन-चार फूट लांब ठेवा.